कानातली गोचीड

गोचीड चावते तेव्हा दुखत नाही. दुखलं असतं तर बरं झालं असतं, माणूस तिथल्या तिथं झटकून मोकळा झाला असता. ती मुकाट्यानं चढते, जागा शोधते, तोंड रुतवते आणि बसते. खाज सुटेपर्यंत ती फुगून एरंडीच्या बीएवढी झालेली असते. आमच्या भोर-वेल्ह्याच्या डोंगरात गवत कापणाऱ्याला हे सांगायला नको. पण माझी नातवंडं पुण्याला वाढली, त्यांना गोचीड म्हणजे कुत्र्याच्या अंगावरचा किडा एवढंच ठाऊक. माझ्या बायकोच्या, हिच्या, कानात एकदा गोचीड गेली होती आणि तिच्यापायी आमचा संसार मोडायला आला होता, हे त्यांनी माझ्या तोंडून ऐकलंय. पण नीट ऐकलेलं नाही.

ही जाऊन तीन महिने होत आले. तेव्हापासून माझं बूड एका जागी टिकत नाही. ओट्यावर बसतो, उठतो, गोठ्यात जातो, गुरांच्या कानात बघतो, परत येतो. सून म्हणते, "मामा, बसा की जरा, किती येरझाऱ्या घालताय." बसतो. परत उठतो. लिहायला बसलो तरी हे कितव्यांदा, मोजलेलं नाही. चार ओळी झाल्या की पाय आपोआप दाराकडं जातात.

आधी गोचिडीचं सांगतो.

भादव्यात आमच्याकडं डोंगराच्या उतारावर गवत कमरेएवढं होतं. ते कापायला शिरलं की खसखशीएवढ्या बारीक गोचिडी पायांवर चढतात, शेकड्यानं. वर वर जातात आणि जिथं कापड आवळून बांधलेलं असतं तिथं थांबतात. कमरेला, काखेत, गुडघ्यामागं. मग पंधरा दिवस माणूस खाजवून खाजवून रडकुंडीला येतो. मोठी गोचीड असली तर तिच्यावर करंजीचं तेल चोपडायचं, घटकाभर थांबायचं, मग कातडीला लागून नखात धरायची आणि सरळ वर ओढायची. पिळायची नाही. पिळली की मुंडकं आत राहतं आणि जागा पिकते. काहीजण बिडीचा चटका देतात. माझ्या एका चुलत्यानं असा चटका देऊन स्वतःच्या मांडीला बोराएवढा फोड आणला आणि गोचीड तिथंच बसलेली.

गुरांच्या अंगावरच्या गोचिडी वेचायचं काम आमच्या घरात नव्या सुनेचं असायचं. म्हशीला तिच्या हाताची ओळख व्हावी म्हणून. लग्न होऊन आली की पहिलं वर्षभर तिनं संध्याकाळी डबड्यात राख आणि तंबाखूचं पाणी घेऊन बसायचं आणि कासेजवळच्या, कानातल्या, शेपटाखालच्या गोचिडी एकेक काढून त्यात टाकायच्या. गोठ्यात चिरडायच्या नाहीत. चिरडलेल्या रक्तावर आणखी येतात असं आमच्यात मानायचे.

तेव्हा भोरला राजाचं राज्य होतं. तिकडं लांब लढाई चालू होती आणि आम्हाला तिचं एवढंच कळायचं की रॉकेल मिळत नाही. आमचं गाव भाटघरच्या धरणाच्या पाण्याला लागून. मी विशीतला. ही विंझरकडची. वैशाखात लग्न झालं, पंचमीला माहेरी जाऊन आली, आणि भादव्यात तिचा डावा कान दुखायला लागला.

लग्नात तिच्या कानात बुगड्या घातलेल्या होत्या. पहिली दिवाळी होईस्तोवर लग्नातलं कानातलं काढायचं नाही, ही आमच्या घरची रीत. त्यामुळं कान सुजला तेव्हा सगळ्यांनी एकच ठरवलं, बुगडी टोचतेय. माझी आई तिच्या कानाला बाहेरून हळद लावायची.

"नवी हाय, सा महिने टोचतीच," आई म्हणायची. "माझा तर कान पिकला व्हता."

"आत्याबाई, बाहेर न्हाई. आत चालतंय कायतरी."

"आत जायला वाट कुठं हाय? डोस्क्यावरचा पदर खाली येत न्हाई तुझा, जाईल कुठनं?"

आई हसूनच बोलली होती. वाईट बाई नव्हती ती. पण सून कामातून अंग काढते की काय, ही शंका त्या काळी प्रत्येक सासूच्या मनात असायची, तशी तिच्याही होती.

हिनं मलाही सांगितलं होतं. बांधावर गवताचे भारे बांधत होतो, भोवती भावकीतली चार माणसं. ही जवळ येऊन हळू आवाजात म्हणाली, "अवो, जरा कानात बघता का?"

मी म्हणालो, "आईला दाव."

झालं. एवढंच बोललो. दिवसाउजेडी, चार लोकांत, बायकोचं डोकं मांडीवर घेऊन कानात बघणारा नवरा म्हणजे वर्षभराची चेष्टा होती. मला चेष्टेची भीती वाटली. दुसरं काही कारण नव्हतं.

म्हशीची धार काढताना, गोचिडी वेचताना, बाईचं डोकं म्हशीच्या पोटाला टेकलेलं असतं. एखादी तिथून कानात गेली तर त्यात नवल काय. आज हे लिहिताना इतकं सोपं दिसतंय. तेव्हा घरातल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही. गुरांच्या कानात आम्ही रोज बघत होतो. बाईच्या कानात बघितलं नाही.

मग एके दिवशी सकाळी हिचं तोंड फिरलं. उजवीकडं ओढलं गेलं. डावा डोळा मिटेना, नुसतं पाणी गळायचं. बोलली की शब्द कडेनं निसटायचे. दिवसभर तिनं पदर दातांत धरून काम केलं. संध्याकाळी माझ्या बाला ताट वाढताना पदर सुटला. बाचा हात ताटातच थांबला.

"हिच्यावरनं वारं गेलंय," बा म्हणाला.

देवऋषी बोलावला. त्यानं विचारलं, पाण्याच्या कडेनं गेली होती का? धरणाला लागून असलेल्या गावात पाण्याच्या कडेनं न जाणारी बाई कुठून आणायची? गेली होती, म्हणाली. मग झालंच. अंगारा दिला, लिंबू उतरलं. तीन दिवस गेले. तोंड तसंच.

चौथ्या दिवशी बानं मला खळ्याकडं बोलावलं. "माहेरी सोडून ये. तोंड सरळ झालं तर बघू."

"आन न्हाई झालं तर?"

"सोडून ये म्हनलं ना."

पितरांचा पंधरवडा चालू होता. या दिवसांत सुनेला कुणी दाराबाहेर काढत नाही. बानं काढली. आणि मी निघालो तिला घेऊन, तिच्या हातात एक गाठोडं.

नसरापूर मागं पडलं. मार्गासनीच्या अलीकडं एक ओढा लागतो, तिथं ही खाली बसली. कान धरून बसली. ओढ्याकाठी एक खोपट होतं, त्यातली म्हातारी शेळ्या सोडत होती. ती जवळ आली.

"काय झालं गं पोरी?"

"कान."

"आत बघितलं का कुनी?"

"बघायला कुनाला येळ," ही म्हणाली. माझ्याकडं न बघता म्हणाली.

म्हातारीनं माझ्याकडं तोंड केलं. "माझं डोळं गेलं बाबा. तू बघ की. नवरा हाईस ना हिचा?"

तिथं भावकी नव्हती, हसायला शेळ्याच होत्या. मी हिचं डोकं उन्हाकडं वळवलं, बुगडी बाजूला धरली आणि आत बघितलं. आत जोंधळ्याच्या दाण्याएवढं करडं काहीतरी होतं. मी गवताची काडी शोधायला लागलो.

"काडी घालू नको," म्हातारी ओरडली. "आणखी आत जाईल. थांब."

तिनं खापरात करंजीचं तेल कोमट केलं. बोट घालून बघितलं आणि मला म्हणाली, "तूच ओत." मी ओतलं. ही दातावर दात दाबून एका कुशीवर पडून राहिली. आम्ही बसून राहिलो. शेळ्या समोरच्या टेकाडावर चढल्या आणि परत आल्या, एवढा वेळ. मग हिनं डोकं दुसरीकडं कलवलं. तेल आलं, काळसर रक्त आलं आणि त्यात ती आली. पाय हलवत होती अजून.

ही उठून बसली. बराच वेळ त्या गोचिडीकडं बघितलं आणि अर्ध्या तोंडानं हसली.

"हेच व्हय ते वारं," म्हणाली. "तुमच्याच म्हशीचं हाय. पानात बांधा आन मामंजींना दावा."

मी पळसाच्या पानात गोचीड गुंडाळली. म्हातारीच्या पाया पडलो. ही उभी राहिली, गाठोडं उचललं, आणि आम्ही आलो होतो त्या वाटेकडं तोंड करून विचारलं, "मग आता मागं फिरायचं का?"

फिरायला पाहिजे होतं. गोचीड हातात होती, बायको बाजूला होती, घर तीन-चार तासांच्या वाटेवर. जाऊन बापापुढं पान उघडायचं, एवढंच काम. पण मला बाचं तोंड दिसलं. तोंड सरळ झालं तर बघू, असं तो बोलला होता. आणि मी म्हणालो,

"तोंड तर वाकडंच हाय अजून."

ती वळली आणि विंझरच्या वाटेला लागली. मी मागून. बायको पुढं आणि नवरा मागं, अशी आमच्यात रीत नाही, पण तशी चाललो.

चालता चालता माझ्या हातातल्या पानाची मला घाण वाटायला लागली. ती आत वळवळत होती. मी पान झुडपात फेकलं. तिच्या गावाची शीव आली तशी ही थांबली आणि हात पुढं केला.

"पान कुठाय?"

"फेकलं. घाण कशाला बाळगायची?"

तिनं हात मागं घेतला. तेव्हा ती जे बोलली ते मला जसंच्या तसं पाठ आहे. डोळा मिटत नव्हता, त्यातून पाणी चाललेलं, पण ते रडणं नव्हतं.

"एक ऐका. माझं तोंड वाकडं हाय तवर न्यायला या. सरळ झाल्यावर आलात तर म्या येनार न्हाई. दिवाळसणाचं बोलावणं आलं म्हनून आलात तरी न्हाई. जावई म्हनून जेवायला याल, तर जेवून जावा."

मी म्हणालो, "येतो."

घरी आल्यावर मी बाला सांगितलं की हिच्या कानात गोचीड होती, मी काढली.

"कुठं हाय?"

"फेकली."

"मग बोलू नको," बा म्हणाला आणि विळ्याला धार लावायला बसला.

त्यानंतर सुमारे महिना गेला. तो महिना मी कसा काढला हे मला आता सांगता येतं, कारण आता पुन्हा तसेच दिवस आलेत. जेवायला बसलो की तिचं तोंड कितपत सरळ झालं असेल याचा हिशोब. भात कापत असलो की तोच हिशोब. कान बरा झाला की तोंड बरं होणार, हे मला कळत होतं. आणि ते बरं होऊ नये असं मला वाटत होतं. हे लिहायला लाज वाटते, पण वाटत होतं. अजून चार दिवस वाकडं राहू दे, हे भात होऊ दे, बाचा राग उतरू दे, मग जाऊ. नवरात्र बसलं. दसरा झाला. आज जाऊ म्हणायचो आणि बा सकाळी विळा हातात द्यायचा.

दसऱ्यानंतर एक कासार बांगड्या घेऊन आमच्या गावात आला. तो दोन्ही तालुक्यांत फिरायचा. मी सहज विचारल्यासारखं करून विंझरकडचं काय, असं विचारलं. त्याला सगळं ठाऊक होतं, कासाराला ठाऊक नसलेली गोष्ट नसते.

"तुमच्या मंडळींना बांगड्या भरून आलोय की. हसल्या व्हत्या."

"हसली?"

"अर्ध्या हसल्या," कासार म्हणाला. "उरलेलं अर्धं तुमच्यासाठी ठिवलं असंल."

बायका हसल्या. मीही हसलो. आणि मनात म्हणालो, अर्धी हसली म्हणजे अजून अवकाश आहे. असा माणूस मी. त्या अर्ध्या हसण्यावर मी आणखी दिवस काढले. कोजागिरी गेली. दिवाळी जवळ आली.

मग एका दुपारी खाचरात आई भाकरी घेऊन आली. बा पलीकडच्या खाचरात होता. आईनं भाकरी माझ्यापुढं ठेवली, पण सोडली नाही.

"तुझा बा सारोळ्याला जाऊन आला. तिथं एक पोरगी हाय म्हनत्यात."

"कशाला?"

"कशाला म्हनून मला इचारतुस? दिवाळीनंतर बोलनी करायची म्हनतोय." आणि मग खाली बघत म्हणाली, "लेकरा, तिच्या कानात म्याच बघाय पायजे व्हतं."

मी भाकरी तशीच ठेवली. पलीकडं गेलो. बाला म्हणालो, "मी हिला आणाय चाललोय."

बानं मान वर केली नाही. "भात कोन कापनार?"

"ती आन मी."

"वाकड्या तोंडाची?"

"व्हय. वाकड्या तोंडाची."

आयुष्यात बापापुढं मी एवढंच बोललो. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत निघालो आणि पार विंझरपर्यंत जवळजवळ पळत गेलो. त्या ओढ्यापाशी म्हातारी दिसली, तिला हाकसुद्धा मारली नाही. एकच धसका, सरळ झालं असेल तर? वाटेत भेटणाऱ्या प्रत्येक बाईच्या तोंडाकडं मी बघत होतो, येड्यासारखा.

सासरी पोचलो तेव्हा सासू अंगणात उडीद पाखडत होती. तिनं सूप खाली ठेवलं, पाणी दिलं, "बसा जावईबापू," म्हणाली, पण तोंडावर काही नाही. हिची धाकटी बहीण दारात उभी होती, ती मला बघताच आत पळाली. जरा वेळानं ही घरामागून आली. पदर दातांत धरलेला.

मी उभा राहिलो. "न्यायला आलोय."

तिनं पदर सोडला. तोंड उजवीकडं वाकडं होतं. डावा डोळा अर्धा उघडा.

"दिसतंय का?" तिनं विचारलं.

"दिसतंय."

"मग थांबा. लुगडं बदलून येते."

मी तिथंच जमिनीवर बसलो. सासूनं ते बघितलं आणि तेव्हा ती पहिल्यांदा हसली.

दुसऱ्या दिवशी आम्ही घरी आलो. आईनं भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला. बा दारातच होता. ही त्याच्यापुढं वाकली, उठली आणि पदर न धरता उभी राहिली, तेवढं वाकडं तोंड घेऊन, उघड्यावर. बाला बघावंच लागलं. तो बघत राहिला आणि मग शेतात गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं कोपऱ्यातला विळा उचलून तिच्यापुढं ठेवला. "घे," म्हणाला. सारोळ्याची गोष्ट परत निघाली नाही.

पाच-सहा दिवसांनी मी सरपण घेऊन स्वयंपाकघरात गेलो. ही चुलीपुढं बसली होती, पाठ माझ्याकडं. लाकडं ओली. तिनं फुंकणी उचलली आणि एका दमात अशी फुंकर घातली की चूल भडकली. तोंड वाकडं असलं की फुंकणी धरता येत नाही, वारा कडेनं निसटतो. जायच्या आधी चार दिवस तिला चूल फुंकता येत नव्हती, आई फुंकून द्यायची. मी सरपण खाली ठेवलं. तिनं मागं बघितलं. तोंड सरळ होतं. मी मनात म्हणालो, बरी झाली. आपल्या घरी येऊन बरी झाली.

आणि हीच गोष्ट मी पन्नास वर्षं सांगितली. लग्नकार्यात, पारावर, जावयांना, नातवंडांना. कुणी पोरगा बायकोबद्दल कुरकुर करायला लागला की मी सांगायचो, "आरं, म्या माझी बायको तोंड वाकडं असताना आणली. बापाच्या इरोधात जाऊन आणली." लोक मान हलवायचे. भांडणात मी हिलाही ऐकवायचो. भाजीत मीठ जास्त झालं की, "तोंड वाकडं असताना आणली तुला, इसरू नको." ती हातातलं काम करत राहायची. एकदाही काही बोलली नाही. मला वाटायचं, तिला उपकार आठवतात.

घरात तिनं एक मात्र चालू केलं आणि शेवटपर्यंत चालू ठेवलं. भादव्यापासून दिवाळीपर्यंत, गवतातून आलं की दिवे लागायच्या आधी सगळ्यांनी अंगणात बसायचं आणि एकमेकांचे कान, मान, काखा बघायच्या. करंजीच्या तेलाची वाटी मधोमध. पहिल्या वर्षी बा रागानं उठून गेला. दुसऱ्या वर्षी त्याच्या कानामागं एक सापडली. सून सासऱ्याच्या कानाला हात कशी लावणार? म्हणून आई काढायची आणि ही लांबून सांगायची, "पिळू नका आत्याबाई, सरळ वर वढा." बा डोळे मिटून बसायचा, हजामतीला बसल्यासारखा. गावातल्या बायका हसायच्या. पुढं त्यांच्याही अंगणात वाट्या दिसायला लागल्या. आणि मी तिचे कान बघायचो. दिवसाउजेडी, सगळ्यांच्या देखत. कुणी चेष्टा केली नाही. केलीही असेल, मला आठवत नाही.

या थंडीत तिला खोकला धरला. भोरच्या दवाखान्यात नेली, आठ दिवस ठेवली, परत आणली. पहाटे गेली.

तेराव्याला तिची धाकटी बहीण आली. तीही आता म्हातारी, नातवानं धरून आणली. जेवणं व्हायची होती. आम्ही दोघं पडवीत बसलो होतो. ती बहिणीच्या एकेक गोष्टी आठवत होती आणि मधेच हसली.

"दाजी, ही लई येडी व्हती. तुमी न्यायला आला त्या वर्साचं आठवतंय का?"

"न आठवाय काय झालं?"

"कोजागिरीला आमच्या हितं दूध आटवलं व्हतं. कढत व्हतं. तर हिनं फुंकर मारून मारून पेलं. म्या म्हनलं, आक्के, तुझं तोंड सरळ झालं की. तर तिनं माझा हात धरला आन शपथ घातली. म्हनली, कुनाला बोलायचं न्हाई, आईला सुदीक न्हाई."

मी तिच्याकडं वळून बसलो.

"मग रोज कुनी आलं की तोंड वाकडं करायची. म्हागल्या दाराला आरशाचा तुकडा व्हता, त्यात बघून बघून करायची. चुकून उलट्या बाजूला केलं तर म्या सांगायची, आगं त्या अंगाला न्हाई, ह्या अंगाला. आमी पोट धरून हसायचो. आन तुमी आला तवा म्या पळत जाऊन तिला सांगितलं, दाजी आलं. तर हात धुतलं, आरशात बघितलं, आन तोंड वाकडं करून भायेर गेली."

कोजागिरी. मी गेलो ते वसुबारसेच्या आधी चार दिवस. मी बोटांवर मोजलं. मोजायची गरज नव्हती तरी दोनदा मोजलं.

"कशापायी करायची वो ती असं?" मेहुणीनं विचारलं. "मला तिनं कवाच सांगितलं न्हाई. तुमाला म्हनली असंल."

माझ्या तोंडात सगळं आलं होतं. त्या शिवेवरचं बोलणं, पान फेकलं ते, कासार, बाचा विळा. तिचं आणि माझं जे ठरलं होतं ते माझ्याच्यानं पाळलं गेलं नव्हतं. तिनं माझ्यासाठी दिवस ताणून धरले होते, रोज आरशापुढं उभी राहून. माझ्या घरात आल्यावरही बाच्या पुढं धरले, पाच-सहा दिवस. म्हातारीच्या खोपटाजवळ मी जे बोललो होतो, ते ऐकूनही.

मी म्हणालो, "मला काय ठाव."

मग पंगत बसली. माझा थोरला जावई पाव्हण्यांना सांगत होता. चांगला माणूस आहे, मन भरून आलं होतं त्याचं. म्हणाला, "आमच्या मामांनी आत्यांना तोंड वाकडं असताना आणली. त्या काळात. बापाच्या इरोधात जाऊन. असं माणूस आता व्हनार न्हाई." पंगतीतली सगळी माझ्याकडं बघायला लागली. मेहुणीही बघत होती, तिच्या हातात घास होता आणि तिला आता काहीतरी कळत होतं की काय, मला सांगता येत नाही. मी भात कालवला आणि खाल्ला.

तिथं बोलायला पाहिजे होतं. तेव्हापासून घरातलं कुणी भेटलं की सांगायला तोंड उघडतो आणि पाण्याचं, वैरणीचं काहीतरी बोलून उठतो. म्हणून नातवंडांसाठी इथं लिहितो, म्हणजे पुढं कुणी ती गोष्ट सांगितली तर त्याला थांबवता येईल. मी विंझरला पोचलो तेव्हा हिचं तोंड सरळ झालं होतं. आठ दिवस झाले होते. मी वेळेत गेलो नाही. ती आली.